मागापासून व्हिडिओ गेमपर्यंत
१८९७ मध्ये लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी बालसंधिवाताचे सविस्तर वर्णन केले. सांधा दुखतो म्हणून मूल तो हलवीत नाही, आणि न हलविल्याने तो आखडतो. निव्वळ व्यायामाचा मुलांना कंटाळा. म्हणून कामातूनच हालचाल साधावी, हा व्यवसायोपचाराचा विचार. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या सांध्यांसाठी हातमाग वापरले गेले (सोलापूरकरांना याचे नवल वाटू नये!). जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. २०१० मध्ये आलेल्या ‘किनेक्ट’चा कॅमेरा शरीराची हालचाल टिपतो, पडद्यावरचा चेंडू अडविताना दुखरा हात आपसूक वर जातो. मात्र हे खेळ निरोगी खेळाडूंसाठी बेतलेले. सुजलेल्या मनगटाला कुठे थांबवायचे, हे उपचारकालाच ठरवावे लागते.