शिशाची तीन रूपे : भंगार परिवर्तकांतील मौल्यवान धातूंच्या प्रगलनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनातून निघणारा धूर सायलेन्सरपर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या पेटीतून जातो, तिला उत्प्रेरक परिवर्तक म्हणतात. तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला, चिनी मातीच्या जातीचा गाभा असतो. त्यावरील लेपात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. एका पेटीत हे धातू काही ग्रॅमच असतात; तरीही टनाच्या हिशेबाने पाहिल्यास चित्र पालटते. दक्षिण आफ्रिकेतील उत्तम प्लॅटिनम खनिजात टनामागे साधारण चार ते सहा ग्रॅम धातू सापडतो, तर भंगार परिवर्तकाच्या गाभ्यात तो टनामागे हजार ग्रॅमहूनही अधिक असू शकतो. त्यामुळे हे भंगार खाणीइतकेच, किंबहुना खाणीहून अधिक मोलाचे ठरले आहे.

या पुनर्प्राप्तीचा विचार बहुधा रसायनशास्त्राच्या किंवा अर्थकारणाच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात तिचा इतिहास शिसे या एका धातूच्या अंगाने मांडला आहे. मौल्यवान धातूंचा वाहक, उत्प्रेरकाचा शत्रू आणि भट्टीशेजारच्या वस्तीवरील भार अशी शिशाची तीन रूपे या इतिहासात आढळतात. ती एकत्र पाहिल्याखेरीज स्वच्छ हवेचा जमाखर्च पूर्ण होत नाही.

वाहक धातूची प्राचीन कल्पना

मौल्यवान धातू अल्प प्रमाणात विखुरलेला असेल, तर नुसत्या उष्णतेने त्याचे कण एकत्र येत नाहीत. त्यांना आपल्यात सामावून घेऊन तळाशी नेणारा दुसरा धातू लागतो. आधुनिक धातुविज्ञान त्याला संग्राहक म्हणते. कल्पना मात्र फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अशुद्ध रुपे चतुर्थांश शिसे घालून शुद्ध करण्याचा विधी सांगितला आहे. युरोपातील टांकसाळींतही हाडांच्या राखेच्या सच्छिद्र मुशीत शिशासह सोने-रुपे तापवून कस पाहण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली. तापलेल्या शिशाचे मुर्दाडशिंग होते, ते मुशीत शोषले जाते आणि शुद्ध धातूचा मणी तेवढा उरतो.

टाकाऊतून मोलाचे वेचण्याची वृत्तीही आपल्याला परकी नाही. सोनाराच्या दुकानातील केर, राख व माती विकत घेऊन तीतून सोन्या-रुप्याचा अंश काढणारे झारेकरी महाराष्ट्रातील सराफपेठांना परिचित आहेत.

प्लॅटिनमची कथा थोडी निराळी आहे. दक्षिण अमेरिकेत सोन्यासोबत सापडणाऱ्या या पांढऱ्या धातूला स्पॅनिश लोकांनी ‘प्लॅटिना’, म्हणजे हलके रुपे, असे हिणवणारे नाव दिले. 1748 मध्ये आंतोनियो दे उलोआ याच्या प्रवासवर्णनातून त्याचा युरोपला परिचय झाला. 1802 ते 1804 या काळात विल्यम वोलास्टन याने प्लॅटिनमच्या खनिजातूनच पॅलॅडियम व ऱ्होडियम वेगळे केले. प्लॅटिनम वितळण्यास सुमारे 1768 अंश सेल्सिअस तापमान लागत असल्याने सामान्य भट्टीत ते दाद देत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सेंट-क्लेअर देव्हील आणि देब्रे यांनी प्लॅटिनमचे खनिज शिशाच्या खनिजासह वितळवून, शिशात प्लॅटिनम गोळा करण्याची रीत मांडली. आजच्या परिवर्तकाच्या प्रगलनाचे बीज या रीतीत दिसते.

पेट्रोलमधील शिसे आणि परिवर्तकाचा उदय

1921 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास इंजिनातील ठोके थांबतात. पुढील अर्धशतक जगभरच्या मोटारी रस्त्यांवर शिसे सोडीत राहिल्या. अमेरिकेत स्थायिक झालेला फ्रेंच अभियंता यूजीन हुद्री याने 1950 च्या दशकात मोटारींसाठी उत्प्रेरक परिवर्तक तयार केला. परंतु पेट्रोलमधील शिसे उत्प्रेरकावर साचून तो निकामी करीत असे. त्यामुळे हा शोध त्या काळी रस्त्यावर येऊ शकला नाही.

1970 मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कायदा कडक केला आणि 1975 च्या मोटारींपासून परिवर्तकाचा वापर व्यापक झाला. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये शिसे आले, तीच कंपनी आता शिसेविरहित पेट्रोलाचा आग्रह धरू लागली. परिवर्तक जगवायचा, तर पेट्रोलमधील शिसे जाणे भाग होते. 1976 ते 1980 या काळातील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाची सरासरी पातळी सुमारे 37 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. भारतात 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक अनिवार्य झाला. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथेही 2021 मध्ये ही विक्री थांबली.

भट्टीत परतलेले शिसे

पहिल्या पिढीच्या मोटारी भंगारात निघू लागल्यावर त्यांच्या परिवर्तकांतील धातू परत मिळविण्याचा प्रश्न पुढे आला. पोलादी कवच कापून गाभा काढतात, दळतात आणि नमुन्यावरून त्याचा कस ठरवितात. हा गाभा सहजी वितळत नाही. म्हणून त्यात चुना, वाळू असे अभिवाह व संग्राहक धातू घालून भट्टी तापवितात. मातीचा अंश मळी होऊन वर तरंगतो. संग्राहकाचे जड थेंब मौल्यवान कण टिपत खाली बसतात. पुढे रासायनिक क्रियांनी प्रत्येक धातू वेगळा केला जातो.

संग्राहक कोणता, या प्रश्नावर बरेच काही अवलंबून असते. शिसे 327 अंशांना वितळते आणि नंतर सहज दूर करता येते; परंतु त्यात ऱ्होडियम नीट गोळा होत नाही आणि विषारी वाफा उठतात. तांब्याला अधिक उष्णता लागते, मात्र ते विद्युत-शुद्धीकरणाने वेगळे करता येते. लोखंड स्वस्त व तुलनेने निर्धोक. पण त्यासाठी प्लाझ्मासारख्या अतितप्त भट्ट्या लागतात आणि त्यात सिलिकॉन शिरल्यास ते आम्लात विरघळेनासे होते.

होबोकेनचा अनुभव

बेल्जियममधील अँटवर्पजवळच्या होबोकेन येथील कारखाना या इतिहासाचा बोलका नमुना आहे. 1887 मध्ये शिशातून रुपे वेगळे करण्यासाठी तो उभारला गेला. आज युमिकोर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे असलेला हा कारखाना परिवर्तकांसह अनेक प्रकारच्या भंगारातून मौल्यवान धातू काढतो. येथे मौल्यवान धातू मुख्यतः तांब्यात गोळा होतात आणि शिशाचा प्रवाह वेगळा निघतो. म्हणजे शिसे या व्यवस्थेतून हद्दपार झालेले नाही.

कारखान्याला लागूनच मोरेतुसबुर्ग ही कामगार वस्ती आहे. 1970 च्या दशकात तेथील मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त असल्याचे स्पष्ट झाले. बेल्जियममधील शिसे-कारखान्याजवळच्या शाळकरी मुलांविषयी रूल्स व सहकाऱ्यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात श्वासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मुलांच्या हातांना लागलेली धूळ कारणीभूत असल्याचे दाखविले होते. पुढे उपाययोजनांमुळे होबोकेनमधील पातळी बरीच उतरली. तरी 2020 च्या तपासणीत ती पुन्हा वाढलेली आढळली आणि त्यानंतर कंपनीने कारखान्यालगतची घरे विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, परिवर्तकाने कोट्यवधी मुलांच्या श्वासातून शिसे दूर करण्यास मोठा हातभार लावला. परंतु त्याच परिवर्तकाचे भंगार जेथे जाते, तेथे शिशाशी असलेला संबंध अद्याप सुटलेला नाही. लाभ सर्व शहरांत विभागला गेला आणि भार भट्टीजवळच्या काही गल्ल्यांवर राहिला. याचा अर्थ पुनर्प्राप्ती सोडून द्यावी, असा नव्हे. खाणकामासाठी उकरावी लागणारी जमीन आणि जाळावी लागणारी ऊर्जा पाहता ती आवश्यकच आहे. मात्र संग्राहक धातूची निवड, भट्टीतील धूळ अडविण्याची व्यवस्था आणि वस्तीपासूनचे अंतर या बाबी केवळ तांत्रिक मानता येत नाहीत.

भारतात 2021 मध्ये वाहन-भंगार केंद्रांसाठी नियम झाले आहेत. 1995 नंतरच्या मोटारींचे परिवर्तक आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर भंगारात येत राहणार आहेत. भट्टी कोठे असावी, हे ठरविण्यापूर्वी होबोकेनच्या मुलांच्या हातांवरील धुळीचा इतिहास वाचला जावा, एवढीच या अभ्यासाची अपेक्षा आहे.