विम्बल्डन १९३४ : लीला राव यांची टेनिस कारकीर्द आणि ‘पहिली भारतीय महिला’ हा प्रश्न

प्रस्तावना :
१९९८ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या टेनिस स्पर्धेत कोईमतूरच्या निरुपमा वैद्यनाथन यांनी इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनी यांचा पहिल्या फेरीत पराभव केला. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला, असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. हे विधान ‘खुल्या युगात’ हे दोन शब्द जोडले तरच बरोबर ठरते. ते गळले की त्यांच्याबरोबर १९३४ सालचा एक सामनाही गळतो आणि तो जिंकणाऱ्या लीला राव यांचे नावही. मराठीतील क्रीडाविषयक लेखनात या नावाला फारसे स्थान मिळालेले नाही. त्यांचे आजोळ मराठी विद्वत्तेच्या इतिहासात अग्रभागी असूनही असे घडावे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

आजोळ आणि आई :
लीला राव यांचे आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. ऋग्वेदाचे मराठी व इंग्रजी भाषांतर देणारे ‘वेदार्थयत्न’ आणि सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन ही त्यांची कामे अभ्यासकांना परिचित आहेत. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेली तुकारामांच्या अभंगांची १८६९ व १८७३ ची दोन खंडांतील आवृत्ती वारकरी साहित्याच्या अभ्यासकांना आजही टाळता येत नाही. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची कन्या क्षमा अवघी तीन वर्षांची होती. पुढे पंडिता क्षमाबाई राव या नावाने विख्यात झालेल्या याच कन्येने गांधीजींच्या चळवळीवर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचले. ते १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. मुंबईतील नामवंत डॉक्टर राघवेंद्र राव हे त्यांचे पती.

क्षमाबाई स्वतः टेनिसपटू होत्या आणि मुंबईच्या स्पर्धांत त्यांनी यश मिळविले होते. म्हणजेच १९११ मध्ये जन्मलेल्या लीला यांना संस्कृत आणि टेनिस या दोन्ही गोष्टी आईकडूनच मिळाल्या. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पहिल्या गोष्टीची नोंद सहज होते. दुसरीची होत नाही. मैदानावर धावणाऱ्या स्त्रीकडे सुधारणेच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करावे लागते.

विम्बल्डन :
१९३० च्या दशकात लीला राव भारतातील अग्रगण्य महिला खेळाडूंपैकी एक होत्या आणि अखिल भारतीय स्पर्धेत त्यांनी एकेरीचे विजेतेपदही पटकाविले. त्या काळी मुंबईहून इंग्लंडला जायचे म्हणजे बोटीने दोन ते तीन आठवड्यांचा प्रवास. १९३४ च्या विम्बल्डनमध्ये त्यांनी पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरविले आणि विम्बल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला हा मान मिळविला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांच्याकडून त्या पराभूत झाल्या. त्या वर्षीचे महिला विजेतेपद डोरोथी राउंड यांनी, तर पुरुष विजेतेपद फ्रेड पेरी यांनी मिळविले. १९३५ मध्ये लीला राव पुन्हा विम्बल्डनला गेल्या. परंतु एव्हलिन डिअरमन यांच्याविरुद्ध पहिल्याच फेरीत त्यांचे आव्हान संपुष्टात आले.

यापूर्वी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोरा पॉली या महिला खेळाडूने टेनिसमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले होते. मात्र त्या वंशाने इंग्रज होत्या. वसाहतकाळातील ‘भारतीय’ या शब्दाची व्याप्ती किती सैल होती, हे यावरून ध्यानात येते.

हौशी आणि व्यावसायिक :
विम्बल्डनची स्पर्धा १९६७ पर्यंत केवळ हौशी खेळाडूंसाठी होती. फ्रान्सच्या सुझान लाँग्लेन यांनी १९२६ मध्ये व्यावसायिक खेळ स्वीकारला आणि विम्बल्डनचे दार त्यांना बंद झाले. १९३६ नंतर पेरी यांचेही तेच झाले. १९६८ मध्ये स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या आणि तेथूनच ‘खुल्या युगा’ची गणना सुरू झाली. ही सीमारेषा प्रशासकीय सोयीची आहे. मात्र विक्रमांच्या याद्या तिच्यापाशी सुरू होऊ लागल्या, की तिच्या अलीकडचे तेवढे इतिहास ठरते आणि पलीकडचे पुसले जाते.

तथापि हौशी युगाचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. पारितोषिकाच्या रकमेविना परदेशी जाऊन खेळणे संपन्न घरालाच शक्य होते. लीला राव यांच्या गुणवत्तेला डॉक्टर पित्याच्या घराचे आणि शहरी वर्तुळाचे पाठबळ होते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जेथे अनेक आदिवासी कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातकडे स्थलांतर करतात, तेथे ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ निराळाच लागतो. १९७१ मध्ये निरुपमा मांकड यांनी आनंद अमृतराज यांच्यासमवेत विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत भाग घेतला, तेव्हा खुले युग सुरू झाले होते. तरी भारतीय महिलेला टेनिसवर उपजीविका करता येईल, अशी स्थिती नव्हती. ती खऱ्या अर्थाने सानिया मिर्झा यांच्या कारकिर्दीत आली. २००३ ते २०२३ अशी वीस वर्षे त्या व्यावसायिक टेनिस खेळल्या.

टेनिसनंतर :
व्यावसायिक खेळाडूची निवृत्ती ठरावीक दिवशी जाहीर होते. हौशी खेळाडूच्या बाबतीत तसे काही घडत नाही. खेळ हळूहळू मागे पडतो. लीला राव यांचा विवाह मुलकी सेवेतील आणि पुढे परराष्ट्र सेवेतील अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. त्यांनी भारतीय नृत्याचा अभ्यास करून ‘नृत्तमंजरी’ हा ग्रंथ लिहिला. संस्कृतमध्ये नाट्यलेखन केले आणि त्यासाठी आईच्या कथांचा आधार घेतला. दयाळ हे नेपाळमध्ये भारताचे राजदूत असताना १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात त्यांचे निधन झाले. आधुनिक संस्कृत नाट्याच्या अभ्यासात ‘लीला राव दयाळ’ हे नाव आढळते. पण तेथे १९३४ च्या विम्बल्डनचा उल्लेख क्वचितच येतो. टेनिसच्या नोंदींत ‘मिस राव’ आढळतात. तेथे संस्कृत नाटकांचा पत्ता नसतो. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे गृहीत धरून त्या काळातील मुंबईच्या वृत्तपत्रांची क्रीडापृष्ठे आणि क्षमाबाईंचे साहित्य एकत्रितपणे वाचण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.