सुप्यात जाळलेले रोखे आणि मित्राचं पर्सनल लोन

गेल्या महिन्यात एका मित्राने विचारलं, "बोनस आलाय. पर्सनल लोन मुदतीआधीच फेडून टाकू का?" मी आधी त्याला सुप्याची गोष्ट सांगितली. तो हसला. पण गोष्ट याच प्रश्नाची आहे.

१२ मे १८७५. बारामतीजवळच्या सुप्यात बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर धाड घातली, वह्या आणि कर्जरोखे काढून पेटवले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी गेलं. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. राग कागदावर होता.

कापसाचे भाव पडले, सारा वाढला, हे आपण शाळेत शिकलो. एक बारकावा मात्र राहून जातो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाला वाचवायचा, झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही हा दामदुपटीचा जुना नियम होता खरा, पण व्याजच मुद्दल झालं की तो काय कामाचा! त्यात मधल्या भरण्याची पावती नाही, आणि कोर्ट बघणार रोख्यावरचा आकडा. माणूस फेडत होता, कर्ज फिटत नव्हतं.

मग १८७९ चा शेतकरी कायदा आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं. शेतकऱ्याला पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क. आज ॲपवर दिसणाऱ्या स्टेटमेंटसाठी तेव्हा कायदा करावा लागला होता.

तर मित्राचं मुद्दल-व्याज वेगळं मांडलं. ५ लाख, १४ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण ११,६३४. पहिल्या वर्षी व्याजात जातात सुमारे ६५ हजार, शेवटच्या वर्षी फक्त १० हजार. व्यक्तीच्या घरगुती गरजेच्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क बँकेला लावता येत नाही. पण पर्सनल लोन बहुधा फिक्स्ड दराचं असतं, तिथे करारात असेल ते द्यावं लागतं. समजा ४ टक्के, वर जीएसटी. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला बाकी १ लाख ३० हजारांच्या आत असते. म्हणजे १० हजार वाचवायला ६ हजार मोजायचे. त्याचं पहिलंच वर्ष संपलं होतं. चार लाखांच्या वर बाकी, पुढे सव्वा लाखाहून जास्त व्याज. शुल्क वीस हजारांच्या आसपास धरलं तरी फेडणंच शहाणपणाचं, फक्त त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेले पैसे मोडायचे नाहीत.

मध्येच बँकेतून त्याला टॉपअपचा फोन आला. जुनी बाकी अधिक नवी रक्कम, सगळं एका नव्या कागदावर. मला तरी त्यात तो तीन वर्षांचा रोखा दिसला. नको म्हणाला.

पैसे भरून झाले. नो ड्यूज सर्टिफिकेट हातात पडायला मात्र तीन फेऱ्या लागल्या, आणि सिबिलवर कर्ज 'क्लोज्ड' दिसेपर्यंत तो रोज बघत होता.