मुंबई कौन्सिलातील लोकनियुक्त सभासद

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत गव्हर्नर व व्हाइसरॉय यांची नामावळी असते. परंतु त्यांच्यासमोर उभे राहून रयतेची बाजू मांडणाऱ्या मुंबई कायदे कौन्सिलातील सभासदांची नावे आपल्या घरातील सुशिक्षित तरुणांसही क्वचितच ठाऊक असतात. त्यांपैकी काहींची ओळख ज्ञातिबांधवांस व भगिनींस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१८६१ च्या कायद्याने हे कौन्सिल स्थापन झाले, तेव्हा सारेच सभासद सरकारने नेमलेले असत. पुढे १८९२ च्या सुधारणेने नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ इत्यादी संस्थांस नावे सुचविण्याचा अधिकार मिळाला. कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द मुद्दामच घातला नव्हता. तरी व्यवहारात ती निवडणूकच होती. सर फिरोजशहा मेहता मुंबई कॉर्पोरेशनतर्फे आले. लोकमान्य टिळक १८९५ साली मध्य भागातील लोकल बोर्डांतर्फे निवडून गेले. प्रश्न विचारता येत, अंदाजपत्रकावर बोलता येई, मात्र त्यावर मत देता येत नसे. बहुमत सरकारचे होते.

याचा खरा प्रत्यय १९०१ साली आला. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्याची साऱ्याच्या थकबाकीपायी जप्त झालेली जमीन त्यास परत लावून द्यावी, परंतु गहाण टाकण्याचा वा विकण्याचा हक्क देऊ नये, असे जमीन महसूल दुरुस्तीचे बिल सरकारने आणले. सावकाराच्या पाशातून कुळाची सुटका हा सांगितलेला हेतू. लोकपक्षाचे म्हणणे असे की, पतच गेली तर बी-बियाण्यास पैसा देणार कोण? शेतकरी सरकारचे केवळ कूळ होऊन बसेल. बिल पुढे ढकलून लोकमत अजमावावे, ही मेहतांची सूचना फेटाळली गेली. तेव्हा मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण, गोकुळदास पारेख व दाजी आबाजी खरे हे सभागृह सोडून निघून गेले. बिल अर्थातच मंजूर झाले. सभात्याग हा आज नित्याचा प्रकार झाला आहे. त्या काळी गव्हर्नरसाहेबांसमोरून उठून जाणे ही लहान गोष्ट नव्हती.

१९१९ च्या कायद्याने लोकनियुक्तांचे बहुमत झाले. मतदार मात्र थोडे. ठराविक सारा वा कर भरणाऱ्यासच मत. मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या. याच कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी भंडारी समाजाचे पुढारी रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांचा वापर अस्पृश्यांस खुला असावा. ठराव संमत झाला. पुढील महिन्यात सरकारी हुकूमही निघाला. पण पाणी मुंबईच्या सभागृहात नव्हते, ते गावोगावच्या पाणवठ्यांवर होते! बोले यांनी हे ओळखले व १९२६ साली, न जुमानणाऱ्या नगरपालिकांचे व बोर्डांचे अनुदान बंद करावे, अशीही मागणी केली.

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले ते कागदावर. प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्या वेळी ते स्वतः कौन्सिलाचे सभासद होते. मात्र लोकनियुक्त नव्हे, सरकारनियुक्त. तळ्याचा दावा हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला तो १९३७ साली, म्हणजे बोले यांच्या ठरावानंतर तब्बल १४ वर्षांनी.

त्याच वर्षी डॉ. आंबेडकर १७५ सभासदांच्या नव्या असेंब्लीत निवडून आले आणि सप्टेंबरात त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १९३९ च्या नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बिल तसेच राहिले. खोती कायद्याने गेली ती स्वराज्य आल्यावर, १९४९ च्या कायद्याने.