१४. लक्ष्मीबाई नगर, 'सतरा तारखेची माणसं'

लक्ष्मीबाई नगर : दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगरजवळची केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. नाव झाशीच्या राणीवरून. येथील 'सतरा तारीख' म्हणजे १७ जून. १८५८ साली ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथील लढाईत राणी पडल्या, तो हा दिवस. मात्र पुण्यतिथी अनेक ठिकाणी १८ जूनला पाळतात. लढाईचा इंग्रजी वृत्तान्त १७ चा आहे. लेखकाने तोच धरला, आम्ही मजकुरात बदल केलेला नाही.

'माणसं' हे अनेकवचन राणींबरोबर आणखी दोघांसाठी आहे. जिजाबाई राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे वारल्या. 'सुधारक'कार गोपाळ गणेश आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी गेले. यांत जिजाबाईंची तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस २७ जून येतो. तिथी ज्येष्ठ वद्य नवमी. म्हणजे काटेकोर पाहिले तर हा योग छापील दिनदर्शिकेपुरताच. लेखकाला तो प्रिय आहे, एवढे वाचकाने ध्यानात घ्यावे.

राणींसाठी १८ जून धरल्यास सोबत बदलते : १९४६ साली त्याच तारखेला राममनोहर लोहिया यांनी मडगावला बंदी मोडून सभा घेतली. गोव्यात हा दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतात.