घ्राणपरीक्षा

घ्राणपरीक्षा : रुग्णाची वास घेण्याची शक्ती शाबूत आहे की नाही व उणावली असल्यास कितपत, हे ठरविण्याची वैद्यकीय तपासणी. नेत्रपरीक्षेचा स्नेलेन तक्ता १८६२ मध्येच तयार झाला; घ्राणपरीक्षा मात्र दीर्घकाळ कॉफी, लवंग यांसारख्या पदार्थांच्या बाटल्या नाकाशी धरण्यापुरतीच राहिली.

डच शरीरक्रियावैज्ञानिक हेंड्रिक झ्वार्डेमाकर (१८५७–१९३०) यांनी १८८८ मध्ये घ्राणमापक हे उपकरण पुढे आणले. त्यात काचेच्या नळीवर वासाच्या पदार्थाची, उदा., रबराची, पोकळ नळी सरकती बसविलेली असे. काचनळीचे वाकडे टोक नाकपुडीत ठेवून बाहेरची नळी जितकी पुढे सरकवावी, तितका तिचा आतील पृष्ठभाग उघडा पडून आत येणाऱ्या हवेस अधिक वास लागे. वास प्रथम जाणवताच उघड्या भागाची लांबी मोजीत. पद्धत सुबक खरी. पण प्रत्येकाचा हुंगण्याचा जोर निराळा, ही अडचण उरलीच.

ही तपासणी टाळणे रुग्णास महागात पडू शकते. मेंदूच्या पुढील भागाच्या तळाशी वाढणारे अर्बुद (गाठ) कधीकधी प्रथम एकाच बाजूच्या घ्राण तंत्रिकेवर दाब देते. दुसरी नाकपुडी काम देत असल्याने रुग्णास उणीव कळतही नाही. म्हणून दोन्ही नाकपुड्या स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे असते. फॉस्टर केनेडी यांनी १९११ मध्ये अशा अर्बुदांतील नेत्रलक्षणांचे वर्णन केले. न्यूयॉर्क येथील शस्त्रक्रियातज्ञ चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९३५ मध्ये, रुग्णास श्वास रोखावयास सांगून मोजकी गंधयुक्त हवा नाकात सोडण्याची पद्धत याच हेतूने योजिली. तीत हवेच्या दाबाचाही परिणाम होतो, असे पुढे आढळले.

वास येत नसल्याची बतावणी करणारेही असतात. अमोनियाची झोंब मुख्यत्वे पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेमार्फत जाणवते. तीही नाकारणाऱ्याविषयी शंका येते. रिचर्ड डॉटी व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार केलेल्या १९८४ च्या चाचणीत खरवडून हुंगावयाचे ४० वास असून प्रत्येकासाठी ४ पर्यायांतून एक निवडावा लागतो. ज्यास वास मुळीच येत नाही त्याचीही केवळ अंदाजाने सु. १० उत्तरे बरोबर येतात. फारच कमी आल्यास तो जाणूनबुजून चुकतो आहे असे समजतात.

तथापि वास ओळखणे हे नाकाइतकेच स्मृतीचे व भाषेचे काम आहे. ‘रूट बियर’ या अमेरिकी पेयाचा वास महाराष्ट्रातील रुग्णास ओळखता आला नाही, तर दोष घ्राणेंद्रियाचा ठरत नाही. यासाठी निरनिराळ्या देशांत परिचित वासांच्या चाचण्या बनविण्यात आल्या. जर्मनीत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गंधलेखणी पद्धतीत ओळखीबरोबरच जाणवणारी किमान तीव्रता व दोन वासांतील भेदही तपासतात.

कंपवातात हातापायांच्या कंपापूर्वी काही वर्षे गंधज्ञान मंदावलेले असू शकते. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत अनेकांचा वास एकाएकी गेला, तेव्हा नित्याच्या तपासणीत बहुधा वगळली जाणारी पहिली मस्तिष्क तंत्रिका वैद्यांना पुन्हा तपासावी लागली.