हृद्‌रोहिणीविकास

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या, ते परत नेणाऱ्या नीला आणि त्यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या यांची भ्रूणावस्थेत होणारी निर्मिती. प्रौढ माणसात उजवी व डावी अशा दोन हृद्‌रोहिण्या महारोहिणीच्या मुळाशी, झडपेच्या लगत उगम पावतात. व्यवहारात त्यांना कॉरोनरी रोहिण्या म्हणतात. रक्त महारोहिणीकडून हृदयस्नायूकडे वाहते, म्हणून या वाहिन्याही त्याच दिशेने वाढल्या असाव्यात, असे दीर्घकाळ मानले जात होते. ही समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. प्रवाहाची दिशा व वाढीची दिशा एकच असते असे नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

प्रारंभीची निरीक्षणे : कोंबडीच्या अंड्यात दिसणाऱ्या, स्पंदन पावणाऱ्या लाल ठिपक्याचे वर्णन ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी केले होते. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) यांनी बैलाच्या हृदयावरील वाहिन्यांची बारकाईने चित्रे काढली. विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धांत १६२८ मध्ये मांडला आणि मार्चेल्लो मालपीगी (१६२८–९४) यांना १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या आढळल्या. पुढे मालपीगींनी सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या भ्रूणाचाही अभ्यास केला. तथापि या सर्वांचे लक्ष हृदयाच्या घडणीकडे होते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याचा उगम हा स्वतंत्र प्रश्न झालेला नव्हता.

हा प्रश्न उद्‌भवण्याचे कारण असे की, मानवी भ्रूणाचे हृदय सु. २२ व्या दिवशी, म्हणजे हृद्‌रोहिण्या तयार होण्याच्या कितीतरी आधी, धडधडू लागते. त्यावेळी त्याची भित्ती पातळ व स्पंजासारखी असते आणि पोकळीतील रक्तातून झिरपणाऱ्या पोषणावर तिचे भागते. भित्ती जाड व घट्ट होऊ लागल्यावर हे पोषण बाहेरच्या थरांपर्यंत पोहोचत नाही आणि स्वतंत्र वाहिन्यांची गरज निर्माण होते. पाचव्या आठवड्यापासून त्या दिसू लागतात.

महारोहिणीतून उगमाची कल्पना : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ससा, डुक्कर इ. प्राण्यांच्या भ्रूणांचे क्रमवार छेद घेऊन हृद्‌रोहिण्यांचा अभ्यास झाला. महारोहिणीच्या भित्तीवर दोन कोंब फुटतात व ते हृदयावर पसरत जातात, असे वर्णन त्यावेळी रूढ झाले. याचे एक कारण अभ्यासपद्धतीतच होते. महारोहिणीतून शाई सोडल्यास तिच्याशी आधीच जोडल्या गेलेल्या वाहिन्याच रंगतात. न जोडलेली, मिटलेली सूक्ष्म जालिका अदृश्य राहते.

दिशाबदल : पहिला धक्का हृदयाच्या बाह्य पटलाच्या अभ्यासातून बसला. हे पटल हृदयस्नायूपासूनच बनते, असे पूर्वी समजत. १९६८ च्या सुमारास फ्रान्सिस मॅनासेक यांनी कोंबडीच्या भ्रूणात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ते बाहेरून येते, असे दाखविले. १९७८ मध्ये हो व शिमाडा या संशोधकांनी त्याचा मार्ग स्पष्ट केला. यकृताच्या अंकुराजवळ, हृदयाच्या नीलेकडील टोकाशी द्राक्षांच्या घोसासारखा कोशिकांचा पुंजका असतो. त्यातील कोशिका हृदयावर पसरून त्याला वेढतात. वाहिन्यांच्या भित्तीतील अरेखित स्नायूही मुख्यत्वे याच कोशिकांपासून बनतात, असे पुढे आढळले.

त्यानंतर वाहिन्यांच्या अंतःस्तराला चिकटणाऱ्या विशिष्ट प्रतिपिंडांमुळे न जोडलेली जालिकाही पाहता येऊ लागली. १९८९ मध्ये नेदर्लंड्समधील बोगर्स व त्यांचे सहकारी यांनी, तर १९९० मध्ये अमेरिकेतील वाल्डो, विलनर व कर्बी यांनी भ्रूणांवरून एकच निष्कर्ष काढला : हृद्‌रोहिण्या महारोहिणीतून बाहेर पडत नाहीत, महारोहिणीच्या मुळाभोवतीच्या जालिकेतील वाहिन्या तिच्या भित्तीत बाहेरून शिरतात. यांपैकी अनेक वाहिन्या नष्ट होतात आणि सामान्यतः दोनच टिकून हृद्‌रोहिण्या बनतात. १९९२ मध्ये मिकावा व फिशमन यांनी विषाणूंद्वारे कोशिकांवर खूण करून तिच्या संततीचा माग घेतला. त्यांना खुणेच्या कोशिका सलग न आढळता तुटक समूहांत आढळल्या. म्हणजे वाहिन्या ठिकठिकाणी बनून नंतर जोडल्या जातात.

अंतःस्तराचा उगम : जालिकेतील अंतःस्तराच्या कोशिका मुळात कोठून येतात, याचे उत्तर उंदरांवरील जनुकीय प्रयोगांतून मिळाले. २०१० मध्ये क्रिस्टी रेड-हॉर्स, मार्क क्रॅस्नो व सहकारी यांनी नीला कोटरातून (भ्रूणहृदयात रक्त आणून सोडणाऱ्या कप्प्यातून) निघालेल्या कोशिका हृदयावर पसरतात व त्यांतील काही नीलेचे गुणधर्म टाकून रोहिणीचे गुणधर्म धारण करतात, असे सिद्ध केले. २०१२ मध्ये बिन झोऊ व सहकारी यांनी हृदयाच्या पोकळीचे अस्तर हाही एक मोठा स्रोत असल्याचे दाखविले. आज दोन्ही स्रोत मान्य असून बाह्य भित्ती व निलयांमधील पडदा यांत त्यांचे प्रमाण भिन्न असते.

वैद्यकीय महत्त्व : या प्रक्रियेत चूक झाल्यास जन्मजात दोष निर्माण होतात. हृद्‌रोहिणी फुप्फुस रोहिणीला जोडली गेल्याची दोन उदाहरणे ब्रुक्स यांनी १८८५ मध्ये नोंदविली होती. डाव्या हृद्‌रोहिणीच्या अशा दोषाने होणाऱ्या विकाराचे वर्णन ब्लँड, व्हाइट व गार्लंड यांनी १९३३ मध्ये केले. गर्भात हा दोष फारसा जाणवत नाही. मात्र जन्मानंतर फुप्फुस रोहिणीतील दाब उतरतो, डाव्या निलयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळत नाही आणि शस्त्रक्रिया न झाल्यास बहुतेक अर्भके दगावतात. महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल झालेल्या अर्भकांवर ब्राझीलमधील आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केलेल्या शस्त्रक्रियेतही हृद्‌रोहिण्यांची मुखे सोडवून नव्या जागी बसविणे, हाच सर्वांत नाजूक भाग होता.

प्रौढ हृदयात रोहिणी बंद पडल्यास तिच्या जागी पुरेशी नवी रोहिणी आपोआप तयार होत नाही. भ्रूणात मात्र नीलेची कोशिका रोहिणीची होऊ शकते. ही क्षमता प्रौढ ऊतकात पुन्हा जागी करता येईल का, या दृष्टीने भ्रूणविकासाच्या अभ्यासाला हृदयविकाराच्या उपचारांत नवे महत्त्व प्राप्त झाले आहे.